घाट, घड्याळ आणि चार बैल

बैलगाडा शर्यतीबद्दल बोलताना माणसं बैलांची नावं घेतात, मालकांची घेतात, निवेदकाच्या आवाजाची आठवण काढतात. घाटाबद्दल, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीबद्दल, मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते तिथेच आपलं चुकतं. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर आणि आता पिंपरी-चिंचवड शहरात आलेली भोसरी, चिखली, चऱ्होली ही गावं, या सगळ्या पट्ट्यात शर्यतीची जी पद्धत आहे तिचा न्याय दोनच गोष्टींवर उभा आहे: पायाखालची माती आणि पंचाच्या हातातलं घड्याळ. बैल कितीही पळणारा असो, घाट खराब असेल तर ती शर्यत खरी नाही.

ज्यांनी घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी बारी कशी होते ते सांगतो. घाट म्हणजे गाडे पळवण्यासाठी तयार केलेली सरळ, चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याची ती बारी. गाड्याला चार बैल. मागची जोडी गाड्याच्या जुवाखाली असते, तिला जुकाट म्हणतात. तिच्यापुढे जोडलेली दुसरी जोडी म्हणजे कांडं. कांड्याच्याही पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाडा मात्र रिकामा धावतो, त्यावर हाकणारा बसत नाही. खाली माणसं बैल धरून उभी असतात. झेंडा पडला की हात सुटतात, स्पीकरवर ‘भिर्रर्र’ घुमतं आणि वरची रेषा ओलांडेपर्यंत जेमतेम बारा-चौदा सेकंद जातात. चांगला गाडा त्याच्याही आत येतो.

सातारा-सांगलीकडची शर्यत वेगळी. तिथे हलका छकडा, दोन बैल, वर गाडीवान, आणि शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्यांतून पाच-सात गाड्या एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. पहिली कोण आली ते डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे शेजारी कुणी नसतंच. सकाळी आठला पळालेला गाडा आणि दुपारी तीनला पळालेला गाडा यांची तुलना फक्त घड्याळ करतं. आयोजक आधीच सेकंद जाहीर करतात. अमुक सेकंदांच्या आतले गाडे पहिल्या नंबरात, त्यापुढचे दुसऱ्या, मग तिसऱ्या. सगळ्यांत कमी वेळ ज्याचा तो घाटाचा राजा. म्हणूनच आठच्या गाड्याला मिळालेली माती तीनच्या गाड्यालाही मिळाली पाहिजे. पुढचं सगळं या एका अटीतून निघतं.

घड्याळ

सेकंदाच्या शंभराव्या भागात निकाल लागतो. गाडा सेकंदाला १० मीटर वेगाने वर येत असेल तर शंभरावा भाग म्हणजे १० सेंटिमीटर, एका खुराच्या रुंदीएवढं अंतर. माणसाच्या बोटाला एवढी बारकाई झेपत नाही. डोळ्याने काही दिसून बोट हलेपर्यंत पंचमांश सेकंद सहज जातो. धावण्याच्या शर्यतींत हे फार पूर्वी ओळखलं गेलं, आणि १०० व २०० मीटरला हाताने घेतलेली वेळ यंत्राच्या वेळेशी ताडायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायचे असा संकेत रूढ झाला. घाटात एवढ्या फरकाने नंबर बदलतो.

दुसरी चूक आवाजाची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. घड्याळवाला वरच्या रेषेवर, खालच्या टोकापासून दीडशे मीटरवर उभा असेल आणि खालचा आरडाओरडा ऐकून बटण दाबत असेल, तर घड्याळ जवळजवळ ०.४४ सेकंद उशिरा सुरू होतं आणि गाडा तेवढा फुकटात वेगवान ठरतो. म्हणून घड्याळ झेंड्यावर सुरू करायचं, आवाजावर कधीच नाही. झेंडा मोठा, एका रंगाचा आणि मागच्या गर्दीतून उठून दिसणारा हवा. झेंडेवाल्याच्या मागे पांढरा किंवा काळा पडदा लावला तर फारच बरं. घड्याळं तीन असावीत आणि मधली वेळ धरावी. सरासरी काढली तर एकाच्या चुकीचा भार तिन्हीवर पडतो, मधली वेळ धरली तर चुकलेलं घड्याळ आपोआप बाजूला पडतं. आणि दिवसभर तेच पंच, त्याच जागी. दुपारी माणूस बदलला की घड्याळही बदललं असंच समजावं.

आता बऱ्याच ठिकाणी सेन्सर आणि मोठा डिजिटल फलक असतो. ते चांगलंच आहे, पण सेन्सरला घोडी आणि बैल यांतला फरक कळत नाही. घोडी पुढे असल्याने किरण आधी तीच तोडते. तिला रेषेच्या बाहेरच्या अंगाने काढायचं, की ती गेल्यावर सेन्सर चालू करायचा, हे आदल्या दिवशी ठरवून नुसती घोडी पळवून तपासून घ्यावं लागतं. कांड्याच्या बैलाचं नाक रेषेवर आलं की वेळ थांबणार, की गाड्याचं चाक आल्यावर, हेही मालकांना आधी सांगितलेलं असावं. घाटातले निम्मे वाद या एका गोष्टीवरून होतात.

एका घाटाचे सेकंद दुसऱ्या घाटाला लावण्यात मात्र अर्थ नाही. लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. निमगाव दावडीचा साडेअकरा आणि लांडेवाडीचा साडेअकरा यांची तुलना करत बसणारे शौकीन भरपूर आहेत, पण ती चर्चा पारावरची.

माती

चांगल्या घाटाला दोन थर असतात. खाली दाबलेला, रोलर फिरवलेला मुरूम, तो हलता कामा नये. वर तीन-चार इंच मोकळी, चाळलेली माती. खालचा थर वजन पेलतो, वरचा खुराला पकड देतो आणि धक्का खातो. वरचा थर पातळ झाला की प्रत्येक पावलाचा दणका सांध्यांत जातो. जाड आणि भुसभुशीत झाला की खूर रुततो, बैलाला पाय उपसून काढावा लागतो आणि मागच्या पायाच्या शिरांवर ताण येतो. लंगडत परतलेल्या बैलाचा मालक नशिबाला दोष देतो. बहुतेक वेळा दोष त्या दोन जास्तीच्या इंचांचा असतो.

काळी माती वर टाकू नये. ओली झाली की खुराच्या फटीत गोळा धरते, वाळली की भेगाळते. नदीची वाळूही नको, ती पकड देत नाही. तांबूस, थोडी चिकण आणि थोडी रेताड अशी मिसळ उत्तम. खडे मात्र हातानेच वेचावे लागतात. हरभऱ्याएवढा खडा बैलाच्या दोन नख्यांमध्ये अडकला तरी पुढच्या दहा पावलांत तो बाजूला ओढतो, आणि गाड्यावर हाकणारा नसल्याने त्याला सरळ करायला कुणी नसतं.

ओल तपासायची रीत शेतकऱ्याला सांगायला नको. मूठभर माती दाबली तर गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला तर फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर पाणी कमी, अंगठ्याने नुसता खड्डा पडत असेल तर जास्त. पाणी आदल्या संध्याकाळी भरपूर मारायचं, म्हणजे रात्रभर ते मुरतं. सकाळी फक्त शिडकावा. काही ठिकाणी सकाळीच टँकर रिकामा करतात. मग वरचा अर्धा इंच चिखल आणि खाली कोरडं अशी स्थिती होते, आणि पहिल्या दहा-बारा गाड्यांचे बैल घसरतात.

त्यानंतरचं काम दिवसभराचं. चार बैलांचे सोळा पाय, घोडीचे चार आणि दोन चाकं एका बारीत जातात. पंधरा-वीस बाऱ्यांनंतर मधोमध खोलगट पट्टा तयार होतो आणि त्याच्या कडेला चाकाच्या चरी. पुढचा गाडा त्या चरीत शिरला तर चाक तिथून बाहेर पडताना उडतं. म्हणून ठरावीक बाऱ्यांनंतर थांबायचं, कुळवाने हलकं मोकळं करायचं, वर फळी फिरवायची, हलका शिडकावा द्यायचा. हा आकडा आधी जाहीर करावा आणि मोडू नये. ‘अजून पाच गाडे होऊ द्या, मग फळी मारू’ असं म्हटलं की त्या पाच गाड्यांवर अन्याय झाला. बारीचा क्रम टोकनने, चिठ्ठ्या टाकून ठरतो तो याचसाठी. सकाळची ओल आणि दुपारचा कोरडेपणा कुणाच्या वाट्याला यावा हे ओळखीपाळखीवर ठरू नये.

चढ आणि थांबण्याची जागा

घाट चढाचा का? गाड्याला ब्रेक नसतो. सपाटीवर बैल थांबायला लागला तरी गाडा मागून ढकलत राहतो, उतारावर तर तो जुकाटाच्या मागच्या पायांवरच येतो. चढावर मात्र गाड्याचं वजनच त्याला मागे खेचतं.

आकड्यांत पाहू. सेकंदाला १० मीटर वेगाने आलेले बैल रेषेनंतर दर सेकंदाला १ मीटरने वेग कमी करत गेले, तर सपाटीवर थांबायला ५० मीटर लागतात. जमीन दर २० फुटांना १ फूट चढत असेल तर चढामुळे जवळपास अर्ध्या मीटरची भर पडते आणि तेच अंतर ३३-३४ मीटरवर येतं. याचा सरळ अर्थ असा की रेषेपुढे किमान ६० मीटर मोकळी, चढाची, खडे वेचलेली जागा हवी, आणि तिथे मंडप, ट्रॉली, मोटारसायकल काहीही नको. नेमकं तिथेच सगळ्यांना उभं राहायचं असतं, कारण निकाल तिथे दिसतो. घाटातले सगळ्यांत वाईट अपघात रेषेच्या पुढच्या पन्नास पावलांत होतात, धावपट्टीवर नाही.

कडेचे बांध दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे आणि मध्ये फट न ठेवता असावेत. हाकणारा नसलेला बैल मोकळी जागा दिसली की तिकडे वळतो. पाण्याच्या टँकरला आत यायला ठेवलेली वाट झेंडा पडण्याआधी आडवा बांबू टाकून बंद झालीच पाहिजे.

घोडीचं काम इथे कळतं. ती वेगाला लागते त्याहून जास्त दिशेला लागते. बैल तिच्यामागे सरळ रेषेत येतात. ती फार पुढे गेली की कांडं भरकटतं, फार जवळ राहिली की कांड्याची शिंगं तिच्या मांडीपर्यंत येतात आणि ती बिथरते. रेषा ओलांडली म्हणून स्वाराने लगाम खेचला तर मागून चार बैल तिच्यावर येणार. चांगला स्वार रेषा विसरून घोडी पार वरपर्यंत नेतो आणि मग हळूच एका अंगाला घेतो.

गाडा आणि जुंपणी

गाडा जितका हलका तितका बरा हे खरं, पण हलकेपणापेक्षा सरळपणा महत्त्वाचा. चाक हाताने फिरवून पाहावं, डोलता कामा नये. आखाला वंगण ताजं असावं, जुन्या वंगणात घाटाची माती मिसळून त्याचं सांधा घासणारं पीठ होतं. आखाच्या टोकाची खीळ प्रत्येक बारीआधी हाताने दाबून पाहायची.

बहुतेक यात्रा चैत्र-वैशाखात, म्हणजे कडक उन्हात. लाकडी चाक वाळलं की आकसतं आणि बाहेरची लोखंडी धाव ढिली होते. हातोडीने ठोकून ती बसत नाही, बसल्यासारखी वाटते एवढंच. आदल्या रात्री चाकं पाण्यात भिजत ठेवली किंवा ओली पोती गुंडाळली की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. सकाळी धावेवर लाकडाच्या तुकड्याने टकटक करावं. घट्ट धाव खणखणीत बोलते, ढिली धाव भद्द आवाज देते.

जू खांद्यावर समतोल बसलं पाहिजे. जोडीतला एक बैल दोन इंच उंच असेल तर जू तिरकं होतं आणि भार ठेंगण्याच्या मानेवर जातो. जुवाचा आतला भाग गुळगुळीत हवा. एक बारीक फाटा राहिला तरी खांदा सोलवटतो, मग सूज येते आणि खांदा आलेला बैल महिनाभर जू बघितलं तरी मान काढून घेतो. कांडं आणि जुकाट यांच्यातला दोर हा सगळ्यांत नाजूक हिशोब. आखूड असला तर जुकाटाचे पुढचे पाय कांड्याच्या मागच्या पायांना लागतात, लांब असला तर सुटताना ढिला राहून मग हिसका बसतो, आणि त्या हिसक्यात पाव सेकंद गेलाच. चारही बैल उभे करून दोर ताणलेला पण न ओढणारा असा ठेवायचा. जोडी जमवतानाही हेच: कांडं जुकाटापेक्षा किंचित चपळ असावं. उलट झालं तर जुकाट पुढच्यांवर चढतं.

बैल

घाटात बहुतेक खिल्लार. माणदेश, सोलापूर, सांगली, सातारा हा त्याचा मुलूख. लांब चेहरा, मागे जाऊन वर वळलेली शिंगं, घट्ट कातडी, टणक काळे खूर. वय दातांवरून मोजतात: दुधाचे दात असलेला आदत, पुढचे दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा. आदत वासराला घाटात पळवण्याची घाई करू नये, त्याच्या पायांची हाडं अजून लांबत असतात. बैल कुठल्या खांद्याचा आहे हेही बघतात. डाव्या बाजूला शिकलेला उजवीकडे जुंपला की पहिली दहा पावलं गोंधळतो, आणि बारा सेकंदांच्या शर्यतीत पहिली दहा पावलं म्हणजे फार मोठा हिस्सा.

खुराकाबद्दल गैरसमज भरपूर. अंडी, खारीक, तूप, उडदाची डाळ, प्रत्येक मालकाची वेगळी वही. पण बैल रवंथ करणारं जनावर आहे, त्याच्या पोटाचा पाया वैरण. शर्यत जवळ आली म्हणून भरडा आणि पेंड एकदम दुप्पट केली की पोटात आंबट होतं, बैल रवंथ सोडतो, शेण पातळ होतं, आणि तीच आम्लता पुढे खुरात उतरून तो पाय आखडतो. खुराक वाढवायचा तर तीन-चार दिवसांनी पाव किलो, त्याहून घाई नाही. कडबा बंद करायचा नाही. शर्यतीच्या सकाळी पोट हलकं हवं, रिकामं नको.

सरावाला चालणं आणि पोहणं ही दोन अंगं. पोहण्यात सांध्यांवर भार न येता दम वाढतो, म्हणून तळ्यातली किंवा विहिरीतली पोहणी जुने लोक सोडत नाहीत. पूर्ण वेगाची बारी मात्र वारंवार मारू नये. बैल घाटाला कंटाळतो, आणि कंटाळलेला बैल झेंडा पडल्यावर मागे बघतो.

खुराच्या पत्र्या (नाल) शर्यतीआधी किमान आठवडाभर माराव्यात. खिळा जिवंत भागाला लागला असेल तर ते तीन-चार दिवसांत कळतं: पाय गरम लागतो, बैल नखी टेकवायला कचरतो. आदल्या दिवशी पत्र्या मारल्या तर हे कळायला वेळच मिळत नाही.

उन्हाचं सगळ्यांत जास्त सांभाळावं. निरोगी बैलाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. बारीनंतर ते वाढणारच. वीस मिनिटं सावलीत उभा राहूनही श्वास खाली येत नसेल, तोंड उघडं आणि जीभ बाहेर असेल, तर त्याची पुढची बारी रद्द. पाणी अंगावर घालायचं ते पायांपासून आणि पोटाखालून सुरुवात करून, आणि हवा खेळती ठेवून. भोवती पंधरा माणसं कौतुकाने उभी राहिली की वारा अडतो. बैलाला एवढं प्रेम असेल तर लांब उभं राहावं.

बंदीची वर्षं

ही शर्यत यात्रेतून आली. रब्बी निघालं, रानं मोकळी झाली, बैलाला काम नाही, देवाची यात्रा भरली. आंबेगावात थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला गाडे पळतात, निमगाव दावडीला खंडोबाच्या पायथ्याशी, भोसरीत भैरवनाथाच्या, चऱ्होलीत वाघेश्वराच्या यात्रेत. नवस बोलून देवापुढे गाडा पळवणारी घरं आहेत, त्यांना नंबराशी देणंघेणं नसतं.

११ जुलै २०११ ला केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने वाट मोकळी करणारी अधिसूचना काढली, पण न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयात गाडं अडलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

२०१४ ते २०२१ या साडेसात वर्षांत घाट ओस पडले. काहींवर बाभळी उगवल्या, चाकण-भोसरीकडे काहींच्या कडेला शेड आणि गोदामं आली. परवानगी मिळाल्यावर बैल लगेच आले, कारण मालकांनी ते पोसले होते. घाट लगेच आले नाहीत. पहिल्या हंगामात अनेक ठिकाणी जेसीबीने घाईघाईत सपाट केलेल्या, खालचा थर न दाबलेल्या पट्ट्यांवर गाडे पळाले. मे २०२२ मध्ये चिखलीच्या घाटातल्या बक्षिसांत खुद्द जेसीबी होता. बक्षिसं मोठी व्हायला माझी हरकत नाही. त्यातला काही भाग मातीवर खर्च व्हावा एवढंच म्हणणं आहे.

कायद्याच्या अटींकडे कटकट म्हणून पाहणारे आहेत, मला त्या घाटाच्या बाजूच्या वाटतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धाव १००० मीटरपेक्षा जास्त नाही, काठी, चाबूक, पराणी (टोचायची टोकदार काठी), विजेचा झटका काही नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या घाटाची धाव मुळातच १००० मीटरच्या कितीतरी आत. आणि पराणीने पळणाऱ्या बैलाची वेळ ही बैलाची वेळ नसतेच, ती भीतीची वेळ असते. घड्याळाला बैलाची जात तपासायची असेल तर त्याच्या अंगाला कुणी हात लावता कामा नये.

गोशेनचा घोडा

घड्याळ जनावर घडवतं याचा पुरावा अमेरिकेत सापडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावात १८३८ पासूनची अर्ध्या मैलाची लंबगोल धावपट्टी आहे. १९६६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे घोड्याच्या पाठीवर स्वार नसतो. मागे दोन चाकांचा हलका गाडा, त्याला सल्की म्हणतात, आणि त्यावर चालक. घोड्याने दुडक्यासारख्या ठरलेल्या चालीतच पळायचं. चौखूर उधळला तर चालकाने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं.

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या पैदासकारांनी ठरवलं की मैलभर अंतर २ मिनिटं ३० सेकंदांत कापणारा घोडा वंशावळीच्या वहीत नोंदवायचा. त्या वेळेच्या मापावरून जातीचं नावच स्टँडर्डब्रेड पडलं. या जातीतले बहुतेक घोडे हॅम्बलटोनियन नावाच्या एकाच नराच्या वंशातले. तो १८४९ मध्ये जन्मला आणि त्याच्या नावावर १,३३१ शिंगरं नोंदली आहेत. गाड्याचा वाटाही मोठा. १८९२ मध्ये उंच चाकांऐवजी सायकलसारखी हवा भरलेली, छर्ऱ्यांवर फिरणारी चाकं आली, आणि दुडक्या चालीचा मैलाचा विक्रम २:०८¼ वरून त्याच वर्षी नॅन्सी हँक्स या घोडीने २:०४ वर आणला. १९४६ मध्ये मोटारीवर बसवलेलं, उघडून बाजूला होणारं फाटक आलं आणि सुटण्यावरचे वाद बरेच मिटले.

यातून आपण काय घ्यावं? चाकं नको, मोटारीचं फाटक नको. वही घ्यावी. प्रत्येक बारीची वेळ घाटाच्या नावासह, बैलांच्या चारही नावांसह आणि त्यांच्या आई-बापासह लिहून ठेवली तर दहा वर्षांत कुठल्या वळूची वासरं पळतात ते कागदावर दिसेल. आज हे ज्ञान बाजारातल्या बोलण्यावर चालतं, आणि त्याच बोलण्यावर वासराची किंमत ठरते.

कुठे उभं राहावं

पहिल्यांदा जाणाऱ्याने वरच्या रेषेकडे धावू नये. खालून साधारण तिसऱ्या हिश्शावर, बांधाच्या वर, उन्हाकडे पाठ करून उभं राहावं. तिथून सुटणं दिसतं आणि बैल वेगात आलेले दिसतात. आधी घोडी बघू नका, जुकाट बघा. दोघांची डोकी एका ओळीत असतील आणि जू डुलत नसेल तर ती बारी चांगली लागणार. मग दोर बघा, कांडं ओढतंय की जुकाट त्याला ढकलतंय. आणि गाडा गेल्यावर खाली माती बघा: खुराचे ठसे कडा न ढासळता स्वच्छ उमटले असतील तर घाट अजून चांगला आहे. ठशात पाणी दिसत असेल किंवा कडा भुरभुरत असतील तर फळीची वेळ झाली. निवेदकापर्यंत चिठ्ठी पोचवायची ती याच कामासाठी पोचवा.